राजूला हळद लागू

केनवडच्या फाट्याजवळ आमच्या शेतकरी कंपनीचं गोदाम आहे. त्यात तीन चेंबर, एक वजनकाटा, काही हमाल, एक मांजर आणि मी आहे. मांजर उंदरांवर आहे, मी कंप्युटरवर. पगारवाढीचा विषय निघतो तेव्हा आधी मांजरीचं नाव येतं.

माझं काम म्हणजे साचे पाहणं. कोणता माल कसा साठवायचा हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं, त्याला साचा म्हणतात. हळदीचा साचा वेगळा, तुरीचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. थप्पी किती उंच लावायची, हवा कशी पाहिजे, धुरी कधी द्यायची, शेजारी दुसरा कोणता माल चालेल, हे सगळे त्या साच्याचे गुण. पोती आली की मी साच्याचे गुण उघडतो आणि हमालांना ओरडून सांगतो. हमाल ऐकून घेतात आणि जिथं सावली असेल तिथं पोती लावतात.

या सिस्टिमचं एक रंगीत रूपही आहे. त्यात बटणं आहेत, चित्रं आहेत, हसणारा शेतकरी आहे. पण ते उघडेपर्यंत ट्रॅक्टरवाला चहा पिऊन, काट्यावरून भांडून, घरी जेवून परत येतो. म्हणून मी काळी खिडकी वापरतो. काळ्या खिडकीत माऊसला कोणी विचारत नाही. हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचा, की खाली उत्तर येतं. ही खिडकी ज्यांनी बनवली ती पुण्याची माणसं मराठीची फार अभिमानी असावीत, कारण त्यांनी हुकूमसुद्धा मराठीत ठेवले. 'गुण दाखव हळद' असं लिहिलं की असं दिसतं:

साचा : हळद
लागू : मूळ
थप्पी : बेताची
हवा : खेळती
धुरी : लागल्यास
सोबत चालेल : काहीच नाही

हळदीसोबत काहीच चालत नाही, कारण तिचा वास शेजारच्या मालाला लागतो आणि मग तुरीच्या डाळीला न मागता फोडणी बसते.

'लागू' या शब्दाचं मात्र सांगावं लागेल, कारण पुढचा सगळा घोळ त्याचाच आहे. नवा साचा हवेतून काढता येत नाही, तो जुन्या एखाद्या साच्यावरून काढावा लागतो. आमची तूर हरभऱ्यावरून काढलेली आहे. म्हणून तुरीच्या गुणांत 'लागू : हरभरा' असं येतं, म्हणजे हरभऱ्याच्या साच्याचे नियम तुरीलाही लागू. हळद कशावरूनही काढलेली नाही, म्हणून तिच्यापुढं 'मूळ'. पुण्याच्या लोकांनी मधले सगळे शब्द वाचवले. वाचवलेले शब्द त्यांनी कुठं ठेवले कोणास ठाऊक, आमच्याकडे तरी साठवायला आले नाहीत.

आता हमालांनी गावात सांगितलं की धम्मरत्न, म्हणजे मी, दिवसभर कंप्युटरात गुण पाहतो. यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रयागबाई नातवाचे दहावीचे गुण विचारायला आल्या. मी त्यांना सोयाबीनचे दाखवले. त्या म्हणाल्या, "आमच्यावाल्यापेक्षा बरे हायेत," आणि गेल्या.

मग पुंजाजी काका आले. आल्या आल्या त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली. आमच्या गोदामात चप्पल काढणारा तो पहिला माणूस.

"धम्मा, तुह्या कंप्युटरात गुन दिसतात म्हने."

"दिसतात, काका."

"मंग मले एक पायजे."

"एक काय?"

"एक गुन. जास्त नोको."

प्रकरण असं होतं. पुंजाजी काकांचा मुलगा राजू पाण्याच्या मोटारी आणि स्प्रिंकलर दुरुस्त करतो. मोटारीशी बोलतो, माणसांशी फारसा नाही. गेल्या हंगामात तो शेजारच्या गावी उकंडाजींची मोटार दुरुस्त करायला गेला. ती मोटार पुढं वारंवार बिघडू लागली. उकंडाजींची मुलगी वैजयंती रिसोडच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, मोटार कशी बिघडते हे तिला चांगलं माहीत होतं. चार-पाच दुरुस्त्यांनंतर सोयरिकीची बोलणी सुरू झाली. पोरगा कामाचा, पोरगी राजी, सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात रिसोडच्या महाराजांनी दोघांच्या पत्रिका मांडल्या आणि छत्तीसपैकी सतरा गुण काढले. निदान अठरा लागतात.

"उकंडाजी म्हनते, एका गुनासाठी मी सोयरीक मोडत नाई, पन थो एक गुन आना," पुंजाजी काका म्हणाले. "नाई आनला तं रविवारी कारंजा लाडचा नोकरीवाला पोट्टा पाह्यले येऊन राह्यला. राजू तं जेवतच नाई दोन दिवसापासून. काल चालू मोटार खोलून बसला."

"महाराजांकडं जा न मंग."

"गेल्तो. म्हटलं, दहावीच्या पोट्ट्यायले गिरेस देतात, तुमीबी द्या. थे म्हनते, ग्रहायले गिरेस नसते."

आमच्याकडे गुण पाहायची पद्धत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, जेवण झालं. नवरा-बायको आजही सकाळ-संध्याकाळ भांडतात, म्हणजे छत्तीसच्या छत्तीस जुळल्यासारखंच सगळं नीट चालू आहे. त्यामुळे या विषयात माझी काही भूमिका नव्हती. मी एवढंच म्हणालो, "काका, हे मालाचे गुण हायेत. मानसाचे नाई निंघत."

"काहून नाई निंघत? माल म्हनून टाक. माहा पोरगा का मालात कमी हाय?"

मी हात कीबोर्डवर ठेवले. "कशावरून काढू साचा? हरभरा हाय, सोयाबीन हाय, हळद हाय."

काकांनी क्षणभर डोळे मिटले. "शुभ काम हाय बाप्पा. हळदीवरून घे."

मी लिहिलं, 'साचा काढ राजू हळदीवरून'. खाली उत्तर आलं, 'साचा निघाला'. पुंजाजी काकांनी स्क्रीनला हात लावून तो हात कपाळाला लावला. स्क्रीनवर बरीच धूळ होती, ती त्यांना टिळ्यासारखी शोभली.

साचा काढायचा आणि पाहायचा अधिकार मला आहे. बदलायचा आणि मिटवायचा अधिकार वाशीमच्या हापिसात स्नेहा मॅडमकडे. म्हणजे जन्म इथं होतो, संस्कार वाशीमला. हे मी काकांना सांगणार होतो, पण ते चप्पल घालून निघालेही होते. "उद्याच आनतो इवायाले," असं उकंडाजींना आधीच व्याही करून ते फाट्यावरून ओरडले.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या बेताला सगळे आले. पुंजाजी काका पायी. राजू इस्त्रीच्या शर्टात. उकंडाजी वैजयंतीच्या स्कूटीवर मागं बसून, दोन्ही हातांनी सीट धरून. वैजयंतीनं स्कूटी लावली, पण स्कार्फ काही सोडला नाही. राजूला कुठं उभं राहावं कळेना, म्हणून तो वजनकाट्यावर उभा राहिला. काटा ट्रकांचा आहे, दहा-दहा किलोनंच सरकतो. राजू साठ आणि सत्तर यांच्यात हलत होता.

"या इवाई, या," पुंजाजी काका म्हणाले.

"अजून इवाई नाई," उकंडाजी म्हणाले. "पयले गुन दाखवा."

मी 'गुण दाखव राजू' लिहून एंटर मारला.

साचा : राजू
लागू : हळद
थप्पी : बेताची
हवा : खेळती
धुरी : लागल्यास
सोबत चालेल : काहीच नाही

उकंडाजींनी चष्मा काढून पुसला, लावला, आणि बोट ठेवून खालून वाचायला सुरुवात केली. ते पेपरही खालूनच वाचतात, कारण निधनवार्ता खाली असतात.

"सोबत चालेल, काहीच नाही. म्हंजे काय?"

"म्हंजे कायचाच शौक नाई," पुंजाजी काका ताबडतोब म्हणाले. "दारू नाई, पत्ते नाई. नुसतं जेवन, थेबी सांगा लागते."

"धुरी, लागल्यास. बिडी वढते?"

"लागली तं. पन लागतच नाई त्याले."

"हवा खेळती."

"मागून अंगन हाय. वावरातला वारा सरका घरात येते."

"थप्पी बेताची. हे बरं हाय. लय मोठ्या थप्प्या पडतात कधी ना कधी." उकंडाजी पहिल्यांदा समाधानाने मान हलवत होते. पुंजाजी काका माझ्याकडं बघून हसले. काट्यावर राजू सत्तरला स्थिर झाला.

मग बोट वरच्या ओळीवर गेलं आणि थांबलं.

"लागू, हळद."

उकंडाजींनी चष्मा कपाळावर घेतला. "पुंजाजी, पोट्ट्याले हळद लागली हाय?"

"अं?"

"लिवलं हाय इथी. राजूले हळद लागू. कोन्या गावची हाय थे पोरगी?"

"कोनती पोरगी?"

"जिच्या नावानं हळद लागली थे! हळद लागली म्हंजे अर्धं लगन झालं. अर्ध्या लगनाचं पोट्टं माह्या गळ्यात घालून राह्यले काय तुमी? अन् वरून म्हनता शौक नाई!"

"मले?" राजू म्हणाला. तो त्याचा त्या दिवशीचा पहिला शब्द होता आणि तो त्याला फार उपयोगी पडला नाही.

मी मधे पडलो. "उकंडाजी, लागू म्हंजे लागली नव्हे. हे साच्याचं हाय. हे पाहा, तुरीले हरभरा लागू हाय." मी 'गुण दाखव तूर' लिहून दाखवलं.

"तुरीले काय लागाचं थे लागो. तुरीच्या घरी पोरगी देऊन राह्यलो काय मी?" मग त्यांनी थेट माझ्याकडं पाहिलं. "एक सांग. तुहा कंप्युटर खोटं बोलते काय?"

गोदामाच्या भिंतीवर 'अचूक नोंद, शेतकऱ्याचा विश्वास' असं लिहिलेलं आहे. ते माझ्या पाठीमागंच होतं. "नाई," मी म्हणालो.

"मंग?"

मी वाशीमला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मॅडम, राजू नावाच्या साच्यातून 'लागू हळद' काढायचं होतं."

"राजू?" स्नेहा मॅडम म्हणाल्या. "हे कोणतं पीक?"

"कोरडवाहू, मॅडम."

"नवीन वाण का? आमच्याकडे आलं नाही अजून. पण 'लागू' बदलता येत नाही, धम्मरत्न. साचा ज्याच्यावरून निघाला, त्याच्यावरून निघाला. बाप बदलता येतो का कोणाला? बाकीचे गुण बदलून देईन, कारण टाकून पाठवा. 'लागू' राहतंच."

"मिटवता येईल?"

"आता रेकॉर्डवर आला. ऑडिट होईपर्यंत नाही."

फोन ठेवला. उकंडाजी शांतपणे म्हणाले, "आयकलं? मॅडम म्हनते, याची हळद निंघत नाई."

पुंजाजी काका सोयाबीनच्या पोत्यावर बसले. थप्पीच्या नियमात ते बसत नव्हतं. ते नुसते म्हणत होते, "मीच म्हटलं हळदीवरून घे. हरभऱ्यावरून घेतलं असतं तं काय झालं असतं." राजू काट्यावरून खाली उतरला. काट्यावर शून्य आलं. तो खिशातून पाना काढून त्याच्याकडंच बघत राहिला. पाना असा बघण्यासारखा नव्हता.

"चाल वं बाई," उकंडाजी स्कूटीकडं निघाले. "रविवारी कारंजेवाले येतात. घरी सांगा लागीन."

वैजयंती जागची हलली नाही. ती इतका वेळ फक्त स्क्रीन वाचत होती, आणि तीही वरून खाली. आता तिनं स्कार्फ सोडला, घडी केली, माझ्या टेबलावर ठेवला.

"दादा, साचा कोनावरूनबी काढता येते?"

"एकदा निघालेल्या कोणत्याबी साच्यावरून."

"मंग माह्या नावाचा काढा."

"कशावरून?"

"राजूवरून."

उकंडाजी स्कूटीपाशी थांबले. "काय करून राह्यली वं?"

"काई नाई, बाबा. माल टाकून राह्यली." हमाल हसू लागले.

मी लिहिलं, 'साचा काढ वैजयंती राजूवरून'. उत्तर आलं, 'साचा निघाला'. मी विचारलं, "गुण दाखवू?"

"थे 'लागू'चं कुठून कुठून आलं, पूर्न दिसते काय?"

दिसतं. हुकुमाच्या शेवटी 'मुळापासून' जोडलं की दिसतं. गोदामात आतापर्यंत ते कोणी मागितलं नव्हतं. मी 'गुण दाखव वैजयंती मुळापासून' असं लिहून एंटर मारला.

साचा : वैजयंती
लागू : राजू, त्याआधी हळद
थप्पी : बेताची
हवा : खेळती
धुरी : लागल्यास
सोबत चालेल : काहीच नाही

"या बाबा. वाचा."

उकंडाजी आले. त्यांनी खालून वाचलं. काहीच नाही, लागल्यास, खेळती, बेताची. बोट वर गेलं. "लागू, राजू, त्याआधी हळद." त्यांनी पुन्हा वाचलं. "हे काय व्हय?"

"तुमीच सांगा. हळद पयले कोनाले लागली?"

"याले. राजूले."

"अन् राजूवरून?"

"तुले."

"नवरदेवाले लावून उरलेली हळद नवरीच्या घरी पाठोतात अन् तिच्या आंगाले लावतात, तिले काय म्हनतात, बाबा?"

उकंडाजी अगदी हळू म्हणाले, "उष्टी हळद."

हमाल हसायचे थांबले. मांजरसुद्धा आली.

"म्हंजे याले जे हळद लागली व्हती..."

"थे माह्याच लगनाची व्हती. दुसरी कोनाची राहीन?" वैजयंती म्हणाली. "तुमीच म्हटलं, कंप्युटर खोटं बोलत नाई. तुमीच म्हटलं, हळद लागली म्हंजे अर्धं लगन झालं. अन् मॅडम म्हनते, एकदा लागली तं निंघत नाई. आता उष्टी हळद लागलेली पोरगी रविवारी कारंजेवाल्यापुढं पोहे घेऊन बसवता काय? बसवा. मी बसते."

उकंडाजी खुर्चीत बसले. ती खुर्ची माझी होती. आपणच घातलेल्या बांधात आपलंच पाणी अडावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"पन गुन?" ते शेवटचं म्हणाले. "गुन तं सतराच राह्यले न."

"हे पाहा." तिनं मला राजूचे गुण परत वर आणायला लावले. दोन्ही याद्या स्क्रीनवर एकीखाली एक उभ्या राहिल्या. "थप्पी, सारखी. हवा, सारखी. धुरी, सारखी. सोबत चालेल, सारखं. एकबी कमी नाई. महाराजांच्या छत्तीसात कुठी इतके जुळतात?"

जुळणारच होते. एकावरून दुसरा काढलेला होता. पण हे मी म्हणालो नाही. मला बदलायचा अधिकार नाही, फक्त पाहायचा आहे.

पुंजाजी काका पोत्यावरून उठून स्क्रीनपाशी आले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "धम्मा, बाकी सब बराबर हाय. पन हे पाह्य. याच्यासोबत काहीच नाई चालत, तिच्यासोबतबी काहीच नाई चालत. मंग दोघं सोबत कशे राह्यतीन?"

वैजयंतीला हे सुचलं नव्हतं. तिनं राजूकडं पाहिलं. राजू पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला, "मॅडम म्हनली व्हती न, बाकीचे गुन बदलतात."

मी पुन्हा वाशीमला फोन लावला.

"मॅडम, 'सोबत चालेल' बदलायचंय. राजूसोबत वैजयंती चालेल, आणि वैजयंतीसोबत राजू."

"वैजयंती कोणतं पीक?"

"आंतरपीक, मॅडम."

"दोन्ही एकाच चेंबरात ठेवणार?"

"हो."

"दोन्ही हळदीवरून निघालेत, धम्मरत्न. एकाचा वास दुसऱ्याला लागेल. नंतर तक्रार आणायची नाही."

मी दोघांकडं पाहिलं. राजूनं मान हलवली. वैजयंती म्हणाली, "लागो."

"तक्रार आली तर आपसात मिटवतील म्हणतात, मॅडम."

"पिकं?" मॅडम म्हणाल्या, "मी काही विचारत नाही. खिडकीत कारण निवडा, मी मंजूर करते."

काळ्या खिडकीत बदलाची तीनच कारणं येतात. मी ती मोठ्यानं वाचली. "जागा नाही. कीड. ओलावा."

"जागा नाई टाक," पुंजाजी काका म्हणाले. "खरंच नाई. एक खोली बांधा लागीन."

"कीड टाका," वैजयंती राजूकडं बघत म्हणाली. "चालू मोटारी खोलून ठेवते म्हने हा."

"तुमची मोटार तं कोन बिघडवे?" राजू म्हणाला, आणि हमाल पुन्हा हसू लागले.

उकंडाजींनी खुर्ची वळवून आमच्याकडं पाठ केली होती आणि चष्मा मांडीवर काढून ठेवला होता. पुंजाजी काका वाकून बघायला गेले.

"काय झालं?"

"काई नाई, इवाई," उकंडाजी दुपट्ट्यानं डोळे पुसत म्हणाले. "हळदीची धूळ गेली डोयात."

हळदीचं चेंबर बंद होतं. या वर्षीची हळद अजून जमिनीतच होती.

मी 'ओलावा' निवडलं आणि एंटर मारला.